सुबाभळीचा पाला आणि चांदीचं पाणी

हिरवं म्हणजे चांगलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मला ते शिकवायचा प्रयत्न एका प्रयोगशाळेनं केला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते तेव्हा. आमचं कॉलेज पडेगावच्याही पुढं, दौलताबाद रस्त्याला. मी लहान असताना तिथं ज्वारी दिसायची. मी शिकायला गेले तेव्हा शेतांचे प्लॉट पडले होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅटचे फलक उभे होते. फलकावर एक हसरं कुटुंब, मागं कारंजं आणि खाली ‘चोवीस तास पाणी’. त्याच फलकाच्या सावलीत बाया टँकरची वाट बघत बसायच्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. हर्सूल तलावाच्या तळाला पडलेल्या भेगांचे फोटो काढायला लोक सहकुटुंब जात. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कधी तेही नाही.

अशा वर्षी आमच्या सरांनी प्रकल्पाचा विषय दिला: वनस्पतींच्या अर्कापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण. हे कण इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. ते करायची रीत स्वयंपाकासारखी आहे. पाला धुवायचा, चिरायचा, पाण्यात उकळायचा आणि गाळून घ्यायचा. तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या पारदर्शक द्रावणात थेंब थेंब सोडायचा. हळूहळू द्रावण पिवळं होतं, मग विटकरी, मग कोऱ्या चहासारखं. रंग बदलला की कण तयार झाले. पहिल्यांदा तो रंग चढताना बघितला तेव्हा मलाही छान वाटलं होतं. माझं भांडण त्या रंगाशी नाही.

सर म्हणायचे, “यात रसायनं नाहीत, प्रदूषण नाही. फक्त पानं आणि पाणी. म्हणून याला हरित पद्धत म्हणायचं.”

सिल्व्हर नायट्रेट हे रसायन नव्हतं तर माझ्या बोटांवर जे काळे डाग पडले होते ते कशाचे होते, कोण जाणे. साबणानं जात नव्हते, दगडानं घासून जात नव्हते. आणि पाणी? काढ्याला ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेलं शुद्ध पाणी लागतं. ते करायचं यंत्र सुरू असताना त्याची नळी गार ठेवायला नळाचं पाणी सारखं सोडून ठेवावं लागायचं. एक कॅन शुद्ध पाणी मिळेपर्यंत कितीतरी बादल्या चांगलं पाणी मोरीत जायचं. मोरीच्या पलीकडं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं टँकरची रांग. आम्ही मुलींनी त्या नळीखाली पिंप ठेवलं आणि ते पाणी वसतिगृहात न्यायला लागलो. सर त्याला नाही म्हणाले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. फक्त पाहुणे यायचे असले की पिंप उचलायला लावायचे.

पाला सुबाभळीचा होता. कारण साधं, त्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला तेवढंच हिरवं उरलं होतं. आम्ही दोघी पाला आणायला जायचो, मी आणि माझी मैत्रीण. ती देवगाव रंगारीच्या पुढच्या एका धनगर वस्तीवरची, वस्तीतली कॉलेजात शिकायला आलेली पहिली मुलगी. एकदा आम्ही फांद्या ओढत होतो तर एक बाई शेरडं घेऊन झाडाखाली येऊन उभी राहिली.

“कशाला वरबाडता गं पाला?”

“प्रयोगाला पाहिजे, मावशी.”

“मंग माझ्या शेरडांनी काय तुमचा प्रयोग खावा?”

मैत्रिणीनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. तिच्याही घरी शेरडं होती आणि त्या वर्षी तिच्या घरचेही ती सुबाभळीवरच जगवत होते. आम्ही अर्धी पिशवी भरून परत आलो. सर म्हणाले, “एवढाच?”

माझ्या संतापाचं मूळ मात्र प्रयोगशाळेत नाही, आमच्या घरात आहे. आजोबांपर्यंत आमच्याकडं भिक्षुकी होती. बाबांनी ती सोडली, सरकारी कचेरीत कारकून झाले आणि संध्याकाळी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायला लागले. मी खेळण्यांपेक्षा जास्त पत्रकं हाताळली असतील. छापखान्यातून आलेले गठ्ठे मी दुमडायचे, बाबा जत्रेत जाऊन वाटायचे. तापावर अंगारा देणारा एक महाराज तेव्हा आमच्या भागात फार चालायचा. त्याच्याबद्दलच्या पत्रकात बाबांनी लिहिलं होतं: अंगाऱ्यानं किती जण बरे झाले हे विचारू नका, अंगारा न लावता किती बरे झाले ते विचारा. जत्रेत त्या वाक्यापायी बाबांना धक्काबुक्की झाली. घरी येऊन त्यांनी फाटलेला सदरा आईपुढं ठेवला आणि म्हणाले, “वाचलं म्हणायचं लोकांनी.”

म्हणून जंतूंवर परिणाम बघायची वेळ आली तेव्हा मी बशीत एक चकती जास्तीची ठेवली. जंतू वाढवलेल्या बशीत औषधात बुडवलेली कागदाची चकती ठेवली की तिच्याभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं दिसतं. आमच्या विटकरी द्रावणाची चकती होतीच. मी शेजारी साध्या सिल्व्हर नायट्रेटची ठेवली, ज्याला पाल्याचा स्पर्शही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन्हींभोवती सारखंच कडं. म्हणजे जंतू चांदीनं मारले होते. पाला आणणं, धुणं, उकळणं, तेवढं पाणी मोरीत सोडणं, या सगळ्याची भर काय, ते त्या बशीत तरी दिसत नव्हतं.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

“ही चकती कशाला ठेवलीस?”

“तुलनेला, सर.”

“आपली तुलना आधीच्या पेपरांशी असते. बशीत गर्दी करू नये.”

परिषदेच्या भित्तिपत्रकात त्या बशीचा फोटो आला. कडेनं कापलेला. माझी चकती जिथं होती तिथं कॉलेजचं बोधचिन्ह होतं.

इथंपर्यंत असतं तर मी हे लिहायला बसले नसते. बशीत काय दिसलं आणि काय कापलं, त्यानं कुणाचं पोट बिघडत नाही. पण सरांना पुढं ‘सामाजिक उपयोग’ दाखवायचा होता. त्यांनी निळ्या प्लास्टिकच्या पिंपात वाळू, कोळसा आणि आमच्या द्रावणात बुडवून वाळवलेलं कापड यांचे थर भरले, खाली तोटी बसवली आणि गाव शोधायला लागले. मैत्रिणीनं तिची वस्ती सुचवली. हसत हसत, अभिमानानं. तिच्या वस्तीवर टँकर येऊन विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया ते दोरीनं शेंदून घ्यायच्या. बादल्या, दोऱ्या, जनावरं, पोरं, सगळं त्या विहिरीच्या काठावर. आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर जंतू मारायच्या क्लोरीनच्या औषधाच्या बाटल्या द्यायची. हंड्यात थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. लोक कुरकुरत टाकायचे, पण टाकायचे.

शाळेच्या व्हरांड्यात कार्यक्रम झाला. नारळ, शाल, माइक. सरांना हार मैत्रिणीनं घातला. पिंपावर हिरव्या रंगात ‘चांदीयुक्त हरित जल’. विहिरीचं पाणी वरून ओतायचं आणि तोटीखाली हंडा भरून घरी न्यायचा, अशी योजना होती. सर छान बोलतात. म्हणाले, “आपले पूर्वज चांदीच्या भांड्यातून पाणी पीत, ते उगाच नाही. तेच ज्ञान आम्ही विज्ञानाच्या मार्गानं परत आणलं आहे.” चांदीच्या पळीनं तीर्थ देणाऱ्या आजोबांची मी नात. त्या पळीनं कुणाचा जुलाब थांबल्याचं मला आठवत नाही.

खाली बसलेल्या बायांमध्ये मैत्रिणीची आई होती. ती शेजारणीला म्हणाली, “पायातली चांदी मोडून चारा आणला, आता पाण्यातून चांदी आली व्हय.” सगळ्या हसल्या. सरही हसले, त्यांना ते कौतुक वाटलं.

मग तिनं उठून विचारलं, “सायेब, मंग त्या औषधाचं काय? थेंब टाकायचे का नाय?”

“अजिबात टाकू नका,” सर म्हणाले. “त्यानं कापडावरची चांदी खराब होईल. आता थेंबांची गरजच उरली नाही.”

“सुटलो बाई,” कुणीतरी मागून म्हणालं. “चहा निस्ता फिनेलवाणी लागायचा.”

मी उभी राहिले. म्हणाले, “सर, पिंपातून आलेलं पाणी आपण अजून तपासलेलं नाही.” माझ्यापुढं माइक नव्हता, पण व्हरांडा लहान होता. सर हसून म्हणाले, “आमच्या विद्यार्थिनी फार तळमळीच्या आहेत,” आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांनीही वाजवल्या. मला गप्प करायला टाळ्या पुरल्या.

परतीच्या जीपमध्ये ते म्हणाले, “शंका लॅबमध्ये काढायच्या. लोकांसमोर काढल्या की विज्ञानावरचा विश्वास उडतो.”

“लॅबमध्ये काढली तेव्हा तुम्ही फोटो कापलात,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं मैत्रीण माझ्या बाजूनं असेल. वसतिगृहात पोचल्यावर तिनं पर्स पलंगावर फेकली.

“माझ्याच गावात तमाशा करायचा होता का तुला?”

“अगं, थेंब बंद करा म्हणाले ते. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं. आणि आमच्या वस्तीवर आजपर्यंत मतं मागणाऱ्यांशिवाय कोण आलं होतं, ते पण सांग. एक माणूस आला, आईला शाल दिली, पिंप दिलं. तेवढं पण तुला बघवंना. तुमच्या घरी पत्रकं छापून पोट भरत असेल, आमचं नाही भरत.”

माझा मुद्दा खरा होता आणि तिचं दुखणंही खरं होतं. मी फक्त एवढंच म्हणाले, की तुझ्या आईला फोन करून सांग, तपासणी होईपर्यंत थेंब चालू ठेवा. तिनं फोन केला नाही.

मी सरांकडं गेले. म्हणाले, एक ओळ लिहून द्या, थेंब चालू ठेवा एवढीच. ते म्हणाले, “मग आपण फिल्टर दिला कशाला, असा प्रश्न येईल.” प्रश्न येईल. पोरांनी काय प्यायचं हा प्रश्न नव्हता, प्रश्न येईल हा प्रश्न होता. या वाक्यावर मी आजही दातओठ खाते. या माणसाला पाण्यातले जंतू ठाऊक होते, त्यांची लॅटिन नावं ठाऊक होती. अडाणीपणाला मी माफ करू शकते, जत्रेत बाबांना ढकलणाऱ्यांवरही माझा राग नाही. ठाऊक असून गप्प बसणाऱ्यांवर आहे.

नंतर एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. ती सुट्टीत घरी गेली होती. तिच्या भावाची लहान मुलगी जुलाबानं आडवी होती. डोळे खोल गेलेले, सलाईन लावायला देवगावला नेलं होतं. वस्तीवर आणखीही घरांत तेच चाललं होतं.

“तू म्हणत होतीस त्या पाणी तपासायच्या बाटल्या मिळतात ना?” तिनं विचारलं. “घेऊन ये.”

पाणी तपासायच्या या बाटल्या साध्या असतात, आत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून बूच लावून ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर एकदोन दिवसांत पाणी काळं पडतं. मी एसटीनं गेले. पिंपाच्या तोटीचं पाणी एका बाटलीत भरलं. विहिरीचं पाणी साध्या जुन्या धोतराच्या कापडातून गाळून दुसरीत. विहिरीचंच पाणी थेंब टाकून, अर्धा तास थांबून तिसरीत. मैत्रिणीच्या घरी मुक्काम केला. भावाची मुलगी तोवर परत आली होती, आईच्या मांडीवर मीठसाखरेचं पाणी चमच्यानं घेत होती. तिच्याकडं बघून मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही. ते लिहून तिचा आजार माझ्या बाजूनं साक्षीला उभा केल्यासारखं होईल. तिला पिंपामुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही. शेतातलं पाणी असेल, शिळं अन्न असेल. मला एवढंच ठाऊक आहे, की तिच्या घरात थेंब बंद झाले होते आणि ते कुणाच्या सांगण्यावरून झाले होते.

तिसऱ्या दिवशी मी बाटल्या अंगणात ठेवल्या. तोटीची काळी. धोतराची काळी. थेंबांची जशीच्या तशी.

मला वाटलं, झालं. बाबांच्या पत्रकांत असंच असायचं, पुरावा पुढं ठेवला की पुढच्या ओळीत लोक जागे होतात. मैत्रिणीच्या आईनं तिन्ही बाटल्या उजेडात धरून बघितल्या. मग माझ्या बोटांकडं बघितलं.

“हे काळं कशानं?”

“त्या चांदीच्या औषधानं, मावशी.”

“म्हंजी तू हात लावती ते काळंच होतंय.” शेजारणी हसल्या. तिनं हसू थांबू दिलं. “राग नको मानू, पोरी. तुझे सर म्हणले पाणी चांगलं. तू म्हणती वंगाळ. दोघंबी शहरातून आलाव, दोघंबी शिकलेले. आम्ही कुणाचं धरावं?”

“कुणाचंच धरू नका. बाटली बघा.”

“बाटली बी तूच आणली की.”

मैत्रीण मध्ये पडायला लागली तर आईनं तिला हातानंच गप्प केलं. “तू नको बोलू. तू त्या दिशी त्याला हार घातला, आज हिच्या बाजूनं बोलती.”

मला राग आला आणि पुढच्याच क्षणी लाज वाटली. सरांना हवा होता तसाच विश्वास मलाही हवा होता. मी सांगते म्हणून यांनी मानावं. माझ्या पिशवीत कोऱ्या बाटल्या उरल्या होत्या. त्या मी तिच्या पदरात टाकल्या. म्हणाले, “तुम्ही भरा. तुमच्या हातानं. मी हातही लावत नाही. आणि जातेच मी.”

“जा,” ती म्हणाली. “जेवून जा पण.”

मी जेवून निघाले. त्यानंतर मला वाट बघायची होती, तेवढंच. मैत्रीण फोनवर सांगायची. आईनं बाटल्या भरल्या, एक तोटीची, एक थेंबांची. कोणती कशाची ते ओळखायला तोटीच्या बाटलीला काळा दोरा बांधला. धान्याच्या कोठीत ठेवल्या, कुणी बदलू नये म्हणून. मग एका संध्याकाळी फोन आला, तो खुद्द तिच्या आईचा, मावशीचाच. तिनं हॅलो म्हटलं नाही.

“काळी पडली,” ती म्हणाली. “तुझा हात नव्हता तरी पडली.”

“थेंबांची?”

“ती चांगली हाय. आता तुझ्या सराला बी दाखव. त्यो आला तर मी त्याला त्येच पाणी पाजते.” मग म्हणाली, “लई गोड बोलला गं तो माणूस.”

दुसऱ्या दिवशी तिनं चार बाया घेऊन शाळेत जाऊन पिंपाची तोटी शेरडाच्या दाव्यानं करकचून बांधली. आशाताईकडून औषधाच्या बाटल्या परत आणल्या. घराघरांत थेंब सुरू झाले. चहाला वास यायला लागला आणि कुरकुरही परत आली.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी शांत झाले असते. पण जूनमध्ये शाळा उघडली आणि कॉलेजची समिती बघायला येणार म्हणून गुरुजींनी दावं सोडलं. पिंपावर पुन्हा हिरवा रंग दिला. पाहुण्यांसमोर पोरांनी तोटीखाली ओंजळ धरली, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर मावशीनं दावं परत बांधलं. गुरुजींनी पुन्हा सोडलं. “वरून आलेली वस्तू आहे, मी काढू शकत नाही,” असं ते म्हणतात. माझा प्रकल्प सरांनी अपुरा ठरवला आणि मला दुसऱ्या मार्गदर्शकांकडं जाऊन नव्या विषयावर काम करावं लागलं. ते ठीक आहे, माझं फक्त एक वर्ष गेलं. पिंपं मात्र वाढली. त्या एका पिंपाच्या फोटोवर सरांनी आणखी गावांना पिंपं दिली. कोणती गावं ते मला सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, संकेतस्थळावर येईल.

त्या गावांत मी पोचू शकत नाही. तुम्ही पोचू शकता, कारण त्यांतलं एखादं तुमचं असेल. म्हणून हे वाचून झालं की एक काम करा. तुमच्या गावच्या शाळेत जा. पाणी गाळायचं कसलंही यंत्र तिथं असेल, कुणीही दिलेलं असो, तर गुरुजींना विचारा की यातलं पाणी शेवटचं कुणी आणि कधी तपासलं. उत्तर मिळालं नाही तर तोटी बांधून टाका. पाणी तपासायची बाटली आणून स्वतःच्या हातानं भरा. आणि ती काळी पडते की नाही हे कळेपर्यंत, पोरांच्या हंड्यात औषधाचे थेंब टाकत राहा. कुणी सांगितलं तरी ते बंद करू नका.